पट्टी लागली का?

फोन आला तेव्हा मी आत्याच्याच गाऊनला टिचबटणं लावत बसले होते. थंडी सुरू झाली होती म्हणून या वेळी फ्लॅनेलचं कापड घेतलं होतं, फिक्कट निळं, बारीक फुलांचं. फुलं बघून ती नाक मुरडणार हे ठाऊक असूनही मुद्दाम घेतलं होतं. मालेगावात आमच्या घरामागे यंत्रमाग आहेत. त्यांची खटखट दिवसभर चालू असते, त्यामुळे फोनवर ओरडूनच बोलावं लागतं. पलीकडून भाऊ, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "रंजू, आत्या गेली." मी ओरडून विचारलं, "कुठे गेली?" खरंच असं विचारलं मी. कारण आदल्याच आठवड्यात मी तिला काठी टेकत गॅलरीपर्यंत चालताना बघून आले होते. मला वाटलं, बघा, जरा पाय चालायला लागला नाही तर निघाली बया कुठेतरी. पलीकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला. मग कळलं. सासूबाई आतून आल्या आणि म्हणाल्या, "काय व्हयनं वं?" मी त्यांना हातातला गाऊनच दाखवत राहिले.

सुमनआत्या भाऊंची धाकटी बहीण. नाशिकच्या एका मुलींच्या शाळेत ती खेळाची शिक्षिका होती आणि पंचवटीत आमच्याच घरी राहायची. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची कोणाची बिशाद नव्हती. घरात ती आत्या, आणि शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की बाई. मी त्याच शाळेत होते. एकदा मैदानावर माझ्या तोंडून "ए आत्या" निघून गेलं तर तिने मला मैदानाला चकरा मारायला लावल्या, आणि घरी आल्यावर स्वतःच्या हाताने पायांना तेल चोळून दिलं. चोळताना म्हणाली, "मघाशी तुझ्या त्या बाई जरा जास्तच कडक वागल्या, नाही?" ही असली माणसं! हिच्यावर रागवायचं तरी कसं?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्याकडे तेव्हा सॉफ्टबॉल म्हटलं की लोक विचारायचे, "म्हणजे क्रिकेटच ना?" आत्या कुठल्याशा शिबिराला जाऊन हा खेळ शिकून आली आणि तिला त्याचं वेडच लागलं. पाचवारी साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. दम वाढावा म्हणून ती आम्हाला वणीला नेऊन गडाच्या पायऱ्या चढायला लावायची. सोबतच्या बायका "पोरींना देवीचं लय वेड" म्हणून कौतुक करायच्या, आणि आम्ही मनातल्या मनात आत्याला शिव्या घालत चढायचो. मी आठवीत असताना तिने मला पिचर केलं. मला विचारलं वगैरे नाही. "हात लांब आहेत तुझे, तोंडही लांब आहे, दोन्ही कामाला येतील," एवढंच म्हणाली.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. सॉफ्टबॉलमध्ये पिचर चेंडू खालून टाकते. उजवा हात डोक्यावरून गर्रकन गोल फिरवायचा आणि मांडीजवळून चेंडू सोडायचा. बघणारे सगळे त्या फिरणाऱ्या हाताकडेच बघत राहतात. आत्या मात्र डाव्या हाताकडे बघायची. डाव्या हातात ग्लव्ह असतो. तो आधी समोर, कॅचरच्या म्हणजे चेंडू झेलणारीच्या दिशेने जायला हवा आणि चेंडू सुटताना कोपरात दुमडून छातीशी परत यायला हवा. तो हात खाली पडला किंवा बाहेर भरकटला की खांदा वेडावाकडा फिरतो, अंग कलतं आणि चेंडू जातो भलतीकडेच. माझा ग्लव्ह छातीशी यायचाच नाही. तो समोर जायचा आणि तिथून थेट खाली, कमरेवर येऊन फटकन आपटायचा. प्रत्येक वेळी. आमची कॅचर कुंदा बिचारी बेडकासारखी इकडून तिकडे उड्या मारत चेंडू गोळा करायची आणि म्हणायची, "रंजे, मी तुझं काय वाकडं केलंय गं?"

आत्याने त्या हातासाठी काय केलं नाही! डाव्या काखेत वर्तमानपत्राची घडी धरायला लावली, पडली की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या मागे उभी राहून स्वतःच्या हाताने माझं कोपर दुमडून दाखवलं. घरी गच्चीवर तर माझ्या डाव्या हातात पाण्याने भरलेली वाटी दिली. "ग्लव्ह नाही, वाटी आहे. समोर न्यायची, छातीशी आणायची. सांडली तर रात्री भांडी तू घासायचीस." आणि गंमत अशी की गच्चीवर माझा हात शहाण्यासारखा वागायचा. वाटीतलं पाणी हलायचं, पण सांडायचं नाही. आई खालून विचारायची, "काय चाललंय तुमचं, पूजा की खेळ?" आत्या खूश व्हायची. दुसऱ्या दिवशी मैदानावर पहिला चेंडू टाकला की ग्लव्ह पुन्हा कमरेवर. फटक! तिचा चेहरा असा पडायचा की मला रडू यायचं. जिल्ह्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती. हा हात सुधारला नाही तर पिचर म्हणून मला कोणी उभंही करणार नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. आणि मला पिचिंग हवं होतं हो. माझ्यात चांगलं म्हणावं असं तेवढंच होतं. अभ्यासात यथातथा, दिसण्यात बेताची, स्वभाव भांडखोर. पण तो हात गोल फिरून चेंडू सुटला आणि कुंदाच्या ग्लव्हमध्ये 'थप्प' वाजला की मला वाटायचं, आपण कोणीतरी आहोत.

डावा हात कमरेवर का जातो ते मला माहीत होतं. पण ते सांगण्यासारखं नव्हतं. शाळेने सगळ्यांना एकाच मापाचे पांढरे टी-शर्ट आणले होते, आणि पहिल्याच धुण्यात ते आटले. उजवा हात वर फिरला की शर्ट पोटावरून वर सरकायचा. आत खोचला तरी दोन चेंडूंत बाहेर. मैदानाच्या एका बाजूला रस्ता होता, आणि संध्याकाळी भिंतीवर पोरं येऊन बसायची. एकदा शर्ट वर गेला तेव्हा त्यातला एक काहीतरी बोलला आणि बाकीचे हसले. काय बोलला ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही. त्या दिवसापासून माझा डावा हात शर्ट ओढायला जाऊ लागला. मी त्याला पाठवत नव्हते, तो आपला आपणच जायचा. तेरा-चौदा वर्षांची मुलगी हे कोणाला सांगणार? आईला सांगितलं असतं तर खेळच बंद झाला असता. आत्याला सांगायचं म्हणजे... छे! बाईंना कोण सांगणार असलं काही?

मग एके दिवशी टी-शर्ट वाळला नाही. मी गच्चीवर घालायचे तो भाऊंचा जुना ढगळ झब्बा, गुडघ्यापर्यंत येणारा, तोच घालून मैदानावर गेले. मुली खिदळल्या. कुंदा म्हणाली, "आज कीर्तन आहे का?" मी चेंडू टाकायला सुरुवात केली आणि ग्लव्ह छातीशी आला. पुन्हा टाकला, पुन्हा छातीशी. कुंदाला जागचं हलावंच लागेना. मला स्वतःला काही वेगळं जाणवत नव्हतं, मी आपली टाकत होते. आत्याने शिट्टी तोंडातून काढली. शाब्बास नाही, काही नाही. आधी माझ्याकडे बघितलं, मग झब्ब्याकडे, मग वळून भिंतीवरच्या पोरांकडे. त्यानंतर ती भिंतीपाशी गेली. काय बोलली ऐकू आलं नाही, पण पोरं पटापट पलीकडे उतरली. मला वाटलं, झालं, आता मला पण बोलणी बसणार.

सकाळी उठले तर माझा टी-शर्ट उशाशी घडी घालून ठेवलेला. उलगडून बघते तर शर्टाच्या मागच्या काठाला एक रुंद पट्टी शिवलेली, तिच्या जुन्या पांढऱ्या परकराच्या कापडाची, आणि पट्टीच्या टोकाला आणि शर्टाच्या पुढच्या काठाला टिचबटणं. पायांमधून पट्टी पुढे घ्यायची आणि बटणं लावायची, लहान बाळांना घालतात तसं. वरून पँट घातली की कोणाला दिसणार नाही. मी ओरडलेच, "आत्या! हा काय लंगोट आहे का?" ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "असेल. घालून बघ." मी घातला. बटणं टच् टच् लागली. मग तिने मला समोर उभं केलं, माझा उजवा हात धरून गोल फिरवला, एकदा, दोनदा, खूपदा. शर्ट तसूभर हलला नाही. मी खाली मान घालून उभी होते. तेव्हा ती जे बोलली ते मी आयुष्यभर जपून ठेवलं आहे. "तुझा हात चुकत नव्हता गं, रंजे. हात त्याचं काम बरोबर करत होता. फक्त त्याला दुसरंच काम लागलं होतं. ते काम आता पट्टी करेल."

मी तिच्या गळ्यात पडून रडले. तीही मला धरून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "तुझ्याएवढी असताना मी खो-खो सोडला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, हिचा गुडघा दुखतो." एवढंच. गुडघा तिचा शेवटपर्यंत ठणठणीत होता, आणि आमच्या घरातला प्रत्येक जण ती गुडघ्याची गोष्ट खरी मानत होता.

निवडीच्या दिवशी मी मैदानात उतरण्याआधी तिने विचारलं, "पट्टी लागली का?" मी म्हटलं, "लागली." त्यानंतर प्रत्येक सामन्याआधी हा आमचा ठरलेला संवाद. कुंदाला वाटायचं, एखाद्या जुन्या जखमेची पट्टी आहे. मी जिल्ह्याच्या संघात निवडली गेले, पुढे काही वर्षं खेळले, जिंकले थोडं, हरले बरंच. कॉलेज संपलं आणि लग्न होऊन मालेगावला आले. मांडवातून निघताना सगळे रडत होते आणि आत्या माझ्या शालूच्या निऱ्यांची पिन तपासत होती. कानाशी येऊन म्हणाली, "पट्टी लागली का?" मी रडता रडता अशी खो खो हसले की सासरच्यांना वाटलं, सून जरा भ्रमिष्टच आहे.

गेल्या पावसाळ्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं जड झालं, तोंड जरा वाकडं झालं, आणि डावा हात... तो तिच्या शेजारी नुसता पडून असायचा. दवाखान्यातून घरी आणल्यावर रोज व्यायाम करून घ्यायला एक तरुण फिजिओथेरपीवाला यायचा, चांगला, मऊ बोलणारा. पण आत्या काही करेना. तो पाय उचलायचा, ती अंग आखडून घ्यायची. उजव्या हाताने पलंगाची दांडी धरा म्हणायचा, ती धरायची नाही. त्याने भाऊंना सांगितलं, "काका, हे सुरुवातीचे महिनेच कामाचे असतात. मावशी प्रयत्नच करत नाहीत. असंच चाललं तर परत उभ्या नाही राहायच्या." भाऊ फोनवर मला म्हणाले, "सुमीने हाय खाल्ली गं. आयुष्यभर पोरींना पळवलं आणि आता स्वतःचा हात हलवत नाही." मला पटेना. हाय खाणारी बाई नव्हे ती. मी मुलाला सासूबाईंकडे सोडलं आणि यष्टीत बसले.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा आला तेव्हा मी दारात चहाचा कप धरून उभी होते. जिने जन्मभर साडीशिवाय काही नेसलं नाही, तिला आता सोयीसाठी गाऊन घातलेला. त्याने तिचा पाय उचलला. गाऊन गुडघ्यावरून वर सरकला. आणि तिचा उजवा हात, पलंगाची दांडी धरायला हवा होता तो हात, झपकन खाली गेला आणि गाऊनचा काठ मुठीत धरून बसला. तो म्हणाला, "मावशी, हात वर, दांडीला." ती डोळे मिटून घट्ट. मुठीतून काठ सुटेना. माझ्या हातातला चहा सांडला. अगं आई गं... मी त्या मुलाला म्हटलं, "आज राहू द्या. उद्या या. त्यांचा हात चुकत नाहीये, त्याला दुसरंच काम लागलंय." त्याला काही कळलं नाही. आत्याने मात्र डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचं मी काय सांगू?

तिचा बटणांचा पत्र्याचा डबा अजून त्याच फळीवर होता. तिचाच एक पांढरा परकर फाडला आणि तिच्याच मशीनवर बसून मी गाऊनला पट्टी शिवली. शिवणकामात मी ढ. पट्टी तिरकी गेली, उसवून पुन्हा शिवली. उघडायला सोपी हवी, आईला एका हाताने काढता यायला हवी, म्हणून टिचबटणंच लावली. घालून झाल्यावर मी तिचा पाय उचलून बघितला, वर, आणखी वर. गाऊन तसूभर हलला नाही. विचारलं, "आत्या, पट्टी लागली का?" तिचं वाकडं तोंड आणखी वाकडं झालं. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. जड जिभेने एकेक अक्षर जुळवत म्हणाली, "लं... गोट."

दुसऱ्या दिवशी तिने दांडी धरली. अशी धरली की तो मुलगा चकित झाला. मग मी मालेगाव-नाशिक खेपा घालत राहिले आणि गाऊन शिवत राहिले. पहिल्याची पट्टी तिरकी, नंतरच्यांची सरळ. माळ्यावरून माझा जुना ग्लव्ह काढला. चामडं कडक झालं होतं, त्याला खोबरेल तेल चोळलं, आणि तो तिच्या पडलेल्या डाव्या हातात चढवला. समोर उभी राहून मी तिच्यावर ओरडायचे, "ग्लव्ह छातीशी, बाई! छातीशी!" ती उलट मलाच शिव्या द्यायची, आणि तेवढ्या वेळापुरती जीभ बरीच सुटायची. शेवटच्या भेटीत ती काठी टेकत गॅलरीपर्यंत गेली, कठड्याला टेकून उभी राहिली आणि माझ्याकडे बघत तिने तो ग्लव्ह घातलेला हात उचलला. थरथरत, अडखळत, थांबत... आणि छातीशी आणला. मी टाळ्या पिटल्या. शेजारीपाजारी डोकावून बघायला लागले. "पुढच्या वेळी वाटी देते हातात," मी म्हटलं. "सांडली तर भांडी तू घासायचीस."

पुढची वेळ आलीच नाही. दुपारी जेवून जरा पडली होती, त्यातच दुसरा झटका आला. लोक मला समजावतात, सुटली बिचारी, अंथरुणात खितपत पडली नाही. मला राग येतो. सुटायचं कुठे होतं तिला? ती चालायला लागली होती! इतकं सगळं केल्यावर हात छातीशी आला, आणि आल्यावर तिला नेलं. हा काय न्याय झाला? मला अजून हे पटत नाही आणि कोणी पटवून द्यायला येऊही नये.

मी पोचले तेव्हा बायकांनी तिला अंघोळ घालून साडी नेसवली होती. तिची मैदानावरची बदामी साडी, आईने आठवणीने काढलेली. अंगणात माणसं जमली होती. तिच्या किती विद्यार्थिनी, त्यात कुंदाही होती. भाऊ आणि शेजारचे वाकले आणि तिला उचललं, तशी साडी घोट्यावरून वर सरकली. माझा डावा हात आपोआप पुढे गेला आणि त्याने काठ ओढून पायांवर घेतला. मागून कोणी बाई म्हणाल्या, "राहू दे गं आता. तिला आता काय त्याचं?" मी तिथे, त्या सगळ्यांसमोर, त्यांच्यावर खेकसले, "का राहू दे?" मी ब्लाउजची पिन काढली आणि साडीचा काठ खालच्या चादरीला नीट टाचून दिला. कुंदा माझा खांदा धरून उभी होती. मग म्हटलं, "आता न्या."

दिवसकार्य होऊन मालेगावला आले त्याला आता काही आठवडे झाले. तो निळ्या फुलांचा गाऊन मशीनवर तसाच पडून होता, सुई अडकवलेली. एका बाजूची बटणं लावून झाली होती, दुसऱ्या बाजूची राहिली होती. घरातलं कोणी त्याला हात लावत नव्हतं. काल दुपारी मुलगा शाळेत गेल्यावर मी बसले आणि उरलेली बटणं लावली. दोरा दुहेरी घेतला, गाठ घट्ट मारली. मग पट्टी पुढे घेऊन बटणं दाबली. टच् टच् वाजली. ओढून बघितली, सुटत नाहीत. मागाची खटखट चालू होती, तिच्यावर आवाज काढायला हवा म्हणून मी मोठ्याने, त्या रिकाम्या खोलीत म्हटलं, "लागली, आत्या."